हिमालयातून निघालेले सहा जण

हिमालयाच्या उत्तुंग रांगांमध्ये, जगाच्या गजबजाटापासून दूर, एक देखणी गढी उभी आहे. माणसांच्या सहवासाला आणि जगातील सुखांना विटलेले सहा विद्वान तेथे येऊन राहिले आहेत. त्यांपैकी एक फ्रेंच, एक इंग्रज, एक जर्मन, एक अमेरिकन, एक इटालियन आणि एक रशियन. विज्ञान एवढाच त्यांचा विरंगुळा. पुढे हेच सहा जण एक प्रचंड अग्निबाण तयार करतात, त्यात बसून पृथ्वीच्या वातावरणाबाहेर जातात आणि तेथे घर करतात. त्या घरात भाजीपाला पिकतो, त्याच झाडांपासून श्वासाला प्राणवायू मिळतो, आणि माणसे वर-खाली हा भेद विसरून हवेत तरंगत आपापली कामे करतात.

ही हकीकत रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांच्या ‘पृथ्वीच्या बाहेर’ या कादंबरीतली. ती संपूर्ण स्वरूपात १९२० साली प्रसिद्ध झाली. कादंबरी म्हणून तिचे मोल फारसे नाही, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी एकमेकांना व्याख्याने देतात आणि कथानक आकडेमोडीच्या ओझ्याखाली वाकून जाते. परंतु अनेक राष्ट्रांच्या माणसांनी एकत्र राहावयाचे अंतराळगृह इतक्या तपशिलाने रंगविणारे यापूर्वीचे पुस्तक सापडणे कठीण. पात्रांची नावेही मोठी विलक्षण आहेत. फ्रेंच गृहस्थाचे नाव लाप्लास, इंग्रजाचे न्यूटन, जर्मनाचे हेल्महोल्ट्झ, अमेरिकनाचे फ्रँकलिन आणि इटालियनाचे गॅलिलिओ. प्रत्येक राष्ट्राने जगाला दिलेला थोर पुरुष जणू त्याचा प्रतिनिधी म्हणून निवडला आहे. रशियनाचे नाव मात्र नुसते इव्हानोव्ह. आपल्याकडे जोशी किंवा पाटील ही आडनावे जशी गल्लोगल्ली भेटतात, तसे हे रशियातले आडनाव. आणि अग्निबाणाची मूळ कल्पना सुचते ती या इव्हानोव्हलाच. लेखकाचा विनय आणि लेखकाचा अभिमान या एकाच नावात शेजारी शेजारी बसले आहेत.

कथेचा काळ २०१७ सालचा. त्या वर्षी पृथ्वीवर सर्व राष्ट्रांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींची एक महासभा कारभार पाहत असून ती स्थापन होऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि युद्धे अशक्य झाली आहेत, असे लेखक सहजगत्या सांगून जातो. संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना १९४५ साली झाली. म्हणजे खऱ्या २०१७ साली त्या संस्थेला बहात्तर वर्षे झाली होती. महासभेचे वय जवळजवळ अचूक निघाले, युद्धांबाबतचे भाकीत मात्र साफ चुकले. हिशेब बरोबर आणि आशा खोटी, असा हा प्रकार आहे.

त्सिओल्कोव्हस्की यांचा जन्म १८५७ सालचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास लोहितांग ज्वराने त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी नष्ट झाली आणि शाळा सुटली. पुढे मॉस्कोत, पोटाला केवळ काळी पावरोटी खाऊन आणि उरलेले पैसे पुस्तकांवर व प्रयोगांवर खर्चून, ग्रंथालयात बसून त्यांनी गणित व पदार्थविज्ञान आत्मसात केले. आयुष्यभर त्यांनी शाळामास्तरकी केली, प्रथम बोरोव्हस्क येथे आणि नंतर कालुगा या गावी. समोरच्याचे बोलणे ऐकू यावे म्हणून पत्र्याचे मोठाले कर्णे ते स्वतःच बनवीत. १९०३ साली त्यांनी अग्निबाणाच्या गतीचे गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील सूत्र आजही प्रत्येक अंतराळयानाच्या आखणीत पहिल्या पानावर असते. परंतु त्या वेळी कालुग्यातील शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते एक विक्षिप्त मास्तर होते, आणि १९०८ च्या पुरात त्यांचे घर व कागदपत्रे पाण्यात गेली तेव्हा मानवजातीचे काही नुकसान झाले असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते.

कादंबरीला त्यांनी १८९६ साली हात घातला. ती बाजूस पडली, पुन्हा हाती घेतली गेली आणि तिचा काही भाग १९१८ साली ‘निसर्ग आणि माणसे’ अशा अर्थाच्या नावाच्या नियतकालिकात छापला गेला. ते नियतकालिकच बंद पडल्याने कथा अर्धवट राहिली. १९१८ हे साल येथे ध्यानात घ्यावयास हवे. हिमालयातील गढीत एका पंक्तीला बसून जेवणाऱ्या त्या सहा जणांची सहाही राष्ट्रे तेव्हाच्या महायुद्धात उतरली होती. न्यूटन, लाप्लास, गॅलिलिओ आणि फ्रँकलिन यांचे देशबांधव खंदकाच्या एका बाजूस होते आणि हेल्महोल्ट्झचे दुसऱ्या बाजूस. इव्हानोव्हचा देश युद्धातून नुकताच बाहेर पडून यादवीत सापडला होता. पुढच्याच वर्षी, १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये, नव्या राजवटीच्या गुप्त पोलिसांनी या बहिऱ्या मास्तरांना संशयावरून पकडून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात नेले. काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. कादंबरी पूर्ण छापून निघाली ती त्यानंतर, कालुग्यातील निसर्ग-अभ्यासकांच्या एका स्थानिक मंडळाच्या आश्रयाने. जर्मन माणसाला इंग्रज व फ्रेंच माणसांच्या शेजारी आनंदाने कामाला लावणारी ही कथा लेखकाने त्या काळात बदलली नाही. तिच्यातले एकही राष्ट्र गाळावे असे त्यांना वाटले नाही, आणि यापेक्षा अधिक धैर्य त्या कादंबरीत शोधू नये.

अंतराळातील घराची कल्पना त्यांच्याही आधीची आहे. बोस्टनचे धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल यांनी १८६९ साली एका अमेरिकन मासिकात ‘विटांचा चंद्र’ नावाची गोष्ट लिहिण्यास प्रारंभ केला. खलाशांना समुद्रात आपले रेखांश कळावेत म्हणून दोनशे फूट व्यासाचा विटांचा पोकळ गोल आकाशात सोडावयाचा, असा काही मित्रांचा बेत. विटांचाच का, तर वीट भट्टीतून निघालेली असल्याने आच सोसते! थंडीचे दिवस म्हणून कारागिरांची बिऱ्हाडे त्या गोलाच्या आत मुक्कामाला असतात, आणि एके रात्री अपघाताने तो गोल बिऱ्हाडांसकट आकाशात जातो. वर गेलेली मंडळी मजेत राहतात, शेती करतात आणि गोलावर लांब व आखूड उड्या मारून तारायंत्राच्या लिपीत पृथ्वीवर निरोप धाडतात. हेल यांची ही थट्टा आहे, पण त्या थट्टेत उपग्रहाचा उपयोग अचूक सांगितलेला आहे. आज दिशा व स्थान दाखविणारे उपग्रह हेच काम करतात.

हर्मन पोटोच्निक या ऑस्ट्रियन लष्करातील स्लोव्हेन अधिकाऱ्याने १९२८ च्या अखेरीस चाकाच्या आकाराचे फिरते निवासगृह रेखाटले. फिरण्यामुळे कडेच्या खोल्यांत कृत्रिम वजन निर्माण होईल, ही त्यातील युक्ती. पुस्तक निघाल्यावर वर्षाच्या आतच, १९२९ मध्ये, तो आजारात व गरिबीत निवर्तला. त्याचे चाक वेर्नहर फॉन ब्राऊन यांनी १९५२ साली एका लोकप्रिय अमेरिकन साप्ताहिकात अडीचशे फूट व्यासाचे करून मांडले. रंगीत चित्रांनी सजलेला तो लेख लक्षावधी लोकांनी वाचला. त्या चाकाचा हेतू मात्र निराळा होता. त्यात बसून साऱ्या पृथ्वीवर नजर ठेवता येईल, आणि प्रसंग पडल्यास अणुबाँबही सोडता येईल, म्हणून ते अमेरिकेनेच आधी उभारावे असा फॉन ब्राऊन यांचा आग्रह होता. ज्यांनी हिटलरच्या जर्मनीसाठी क्षेपणास्त्रे घडविली, आणि ज्यांच्या क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात छळछावणीतील कैदी राबून मेले, त्यांच्या लेखणीतून याहून वेगळे काही उतरावे अशी अपेक्षाही कदाचित अवास्तव ठरेल. आकाशातील घर म्हणजे सर्वांचा आश्रम की एकाचा टेहळणी बुरूज, हा प्रश्न तेव्हापासून उघडपणे उभा राहिला.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडल्या. पहिली स्थानके रशियाने उडविली व त्यांतील काही निव्वळ लष्करी होती. परंतु १९७५ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अपोलो व रशियाचे सोयूझ ही याने आकाशात एकमेकांना जोडली गेली. या भेटीचे राजकीय वर्णन पुष्कळ झाले आहे. तीत खरा रस आहे तो यंत्रज्ञांच्या अडचणींत. पूर्वीच्या सांध्यात एका यानाला दांडा आणि दुसऱ्याला खोबण असे. एक घुसणार, दुसरे घेणार. खोबण आपल्याकडे घेण्यास दोन्ही महासत्तांपैकी एकही राजी होईना, तेव्हा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा आणि कोणासही पुढाकार घेता येईल असा सांधा मुद्दाम घडविण्यात आला. पहिल्या जोडणीत अमेरिकन यान पुढे सरकले, तर दुसऱ्या जोडणीत रशियन. दुसरी अडचण हवेची. अपोलोमध्ये शुद्ध प्राणवायू, पण दाब जमिनीवरील हवेच्या एक-तृतीयांश. सोयूझमध्ये आपण घेतो तशी नत्रवायुमिश्रित हवा. एका घरातून दुसऱ्यात एकदम गेल्यास माणसाच्या रक्तात बुडबुडे होण्याचे भय. म्हणून मध्ये एक देवडी बांधावी लागली, जिच्यात बसून पाहुण्याने यजमानाच्या हवेची सवय करून घ्यावयाची. भाषेच्या बाबतीत असे ठरले की अमेरिकनांनी रशियन बोलावे आणि रशियनांनी इंग्रजी, कारण परकी भाषा बोलणारा माणूस सावकाश बोलतो. अमेरिकन नायक टॉम स्टॅफर्ड यांच्या रशियन बोलण्यातला ओक्लाहोमा प्रांताचा हेल ऐकून रशियन नायक अलेक्सेई लिओनोव्ह यांनी त्या भाषेचे ‘ओक्लाहोम्स्की’ असे नवे नामकरण करून टाकले.

यानंतर रशियाने आपल्या स्थानकांची दारे मित्रराष्ट्रांना उघडली. १९७८ साली चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक सॅल्यूट-६ वर गेले. अमेरिकन वा रशियन नसलेले ते पहिले अंतराळवीर. परत आल्यावर त्यांचे हात लाल का झाले, याबद्दल त्या वेळी एक विनोद प्रचलित होता. त्यांनी कोणत्याही कळीला हात लावला की यजमान ‘त्याला हात लावू नका’ म्हणून चापट मारीत असत! पाहुणचार व भागीदारी यांतील अंतर याहून नेमके सांगणे कठीण. पोलंड, पूर्व जर्मनी, हंगेरी, व्हिएतनाम, क्यूबा, मंगोलिया, रुमानिया यांचे वीर एकामागून एक गेले, आणि १९८२ मध्ये फ्रान्सचाही गेला.

३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय वायुदलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा युरी मालिशेव्ह व गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांच्यासह निघाले आणि सॅल्यूट-७ वर पोचले. तेथे तिघे रशियन आधीपासून राहत होते. सहा जणांचे ते कुटुंब आठवडाभर एकत्र नांदले. भारहीनतेचा शरीरावरील परिणाम पाहण्यासाठी शर्मांनी तेथे योगासने केली आणि भारतभूमीची छायाचित्रे घेतली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी झालेले त्यांचे संभाषण त्या पिढीतील प्रत्येकाच्या कानात आहे. म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेने खास तयार केलेले भारतीय पदार्थ त्यांनी बरोबर नेले होते. त्सिओल्कोव्हस्कींच्या सहा जणांना हिमालय लागला होता तो एकांतासाठी. ज्या देशांच्या माथ्यावर हिमालय उभा आहे तेथला माणूस आपल्या मंडळीत असावा, हे कालुग्याच्या मास्तरांना सुचले नव्हते. त्या काळी भारताची स्वतंत्र राष्ट्रांत गणनाच नव्हती, हे त्याचे कारण मानावे लागेल.

अनेक राष्ट्रांनी मिळून राहण्याची खरी परीक्षा पुढे मीर स्थानकावर झाली. सेर्गेई क्रिकालेव्ह हे लेनिनग्राडचे अभियंते १८ मे १९९१ रोजी मीरवर गेले. त्यांच्या यानात हेलन शारमन ही इंग्रज तरुणीही होती, ती आठवड्याभराने परतली. क्रिकालेव्ह राहिले. ते वर असताना मॉस्कोत उठाव झाला व फसला, त्यांच्या गावाचे नाव पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले, उड्डाणतळ ज्या कझाकस्तानात होता तो वेगळे राष्ट्र झाला, आणि डिसेंबरमध्ये ज्या देशाने त्यांना पाठविले होते तो देशच नकाशावरून नाहीसा झाला. ऑक्टोबरमध्ये बदली माणूस यावयाचा होता. परंतु काटकसरीसाठी दोन उड्डाणांचे एक करण्यात आले आणि त्यात कझाकस्तानच्या प्रतिनिधीला जागा देणे प्राप्त झाले. त्याला दीर्घ मुक्कामाचे शिक्षण नव्हते. तेव्हा क्रिकालेव्ह यांना आणखी राहाल का असे विचारण्यात आले व ते राहिले. २५ मार्च १९९२ रोजी ३११ दिवसांनी ते कझाकस्तानच्या भूमीवर उतरले, तेव्हा त्यांच्या पोशाखावर अस्तित्वात नसलेल्या राष्ट्राची अक्षरे होती. राज्य बुडाले तरी कचेरीतील शेवटचा कारकून किल्ल्या सांभाळून बसावा, तसे हे झाले. वीरपुरुषांच्या यादीत त्यांचे नाव घातले जाते ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या कामाचे स्वरूप हजेरी चुकू न देणाऱ्या माणसाचे होते, आणि स्थानके चालतात ती अशाच माणसांवर.

२३ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याच मीरवर प्राणवायू निर्माण करणाऱ्या एका नळकांड्याने पेट घेतला. आत चार रशियन, एक अमेरिकन आणि एक जर्मन. परतीची दोन याने होती, पण त्यांपैकी एकाकडे जाणारी वाट ज्वाळांनी अडविली होती. सहाही जण वाचले. चार महिन्यांनी, २५ जूनला, मालवाहू यान स्थानकावर आदळून एका दालनाला भोक पडले व हवा बाहेर जाऊ लागली. दार लावावे तर त्यातून विजेच्या तारा गेलेल्या. त्या तोडून सोडवून दार बंद करीपर्यंत प्रत्येक क्षणी दाब उतरत होता. वीज गेली आणि स्थानक गोलगोल फिरू लागले. तेव्हा इंग्लंडात जन्मलेले अमेरिकन अंतराळवीर मायकेल फोल यांनी खिडकीशी अंगठा धरून, त्याआडून तारे सरकतात कसे ते पाहून फिरण्याचा वेग अदमासला व तो खालच्या नियंत्रकांना कळविला. शीतयुद्धाच्या काळात एकमेकांच्या चुका मोजण्यासाठी शिकलेली दोन राष्ट्रे त्या दिवशी एका अंगठ्याच्या मापावर विसंबून होती.

आजचे आंतरराष्ट्रीय स्थानक या अनुभवातून उभे राहिले. २९ जानेवारी १९९८ रोजी वॉशिंग्टन येथे पंधरा सरकारांनी त्याच्या करारावर सह्या केल्या. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि अकरा युरोपीय देश. हा करार वाचण्यासारखा आहे. काव्य त्यात नावालाही नाही, पण अनोळखी माणसांना एका छपराखाली नांदवावयाचे तर काय काय लिहून ठेवावे लागते, याचा तो उत्तम नमुना आहे. प्रत्येक राष्ट्राने बनविलेले दालन त्याच राष्ट्राच्या दप्तरी नोंदलेले आणि त्याच्याच अधिकारातले. युरोपीय दालनातून तरंगत जपानी दालनात शिरणारा मनुष्य एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो. एखादा शोध लागला तर तो ज्याच्या दालनात लागला त्याच्या भूमीवर लागला असे मानावयाचे. कोणी गुन्हा केला तर प्रथम त्याच्या मायदेशाचा अधिकार. नायकाचा शब्द कोठवर चालेल हेही ठरलेले.

२० नोव्हेंबर १९९८ रोजी पहिले दालन आकाशात गेले. ते बांधले रशियाने, पैसे दिले अमेरिकेने. पुढच्या महिन्यात त्याला अमेरिकन दालन जोडण्यात आले, आणि १० डिसेंबरला आत प्रथम पाऊल कोणी टाकावयाचे हा प्रश्न आला. अमेरिकन नायक बॉब कबाना आणि त्यांच्या तुकडीतील रशियन सहकारी खांद्याला खांदा लावून एकाच वेळी दारातून गेले. तो सहकारी म्हणजे क्रिकालेव्ह. दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर २००० रोजी, पहिल्या रहिवासी तुकडीतही ते होते. त्या दिवसापासून ते घर एकदाही रिकामे राहिलेले नाही.

घर म्हटले की कुरबुरी आल्याच. २००९ साली रशियन नायक गेन्नादी पादाल्का यांनी मायदेशीच्या एका वर्तमानपत्राला सांगितले की, खर्चाच्या वाटणीवरून खाली वाद झाल्यामुळे वर अमेरिकनांची व्यायामाची साधने वापरण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि प्रत्येकाने आपापल्या राष्ट्राचे शौचालय वापरावे असे सुचविण्यात आले. चारशे किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने, दिवसातून सोळा वेळा सूर्योदय पाहणाऱ्या माणसांमागे खालचे हिशेबनीस असे लागलेले होते. वरच्या माणसांचे आपसात मात्र उत्तम चालले होते, असेही त्यांनी सांगितले.

मग कादंबरीतले साल उगवले. २०१७ साली त्या घरात प्रत्यक्ष कोण होते? इव्हानोव्ह व फ्रँकलिन यांचे देशबांधव वर्षभर होतेच. लाप्लासचे देशबांधव थोमा पेस्के जूनपर्यंत होते. गॅलिलिओचे देशबांधव पाओलो नेस्पोली जुलैपासून डिसेंबरपर्यंत होते. न्यूटनचा देशबांधव टिम पीक आदल्या वर्षीच परतला होता, आणि हेल्महोल्ट्झचा देशबांधव अलेक्झांडर गेर्स्ट २०१४ मध्ये एकदा जाऊन आला होता व पुढच्या वर्षी पुन्हा जाणार होता. म्हणजे चार राष्ट्रे हजर आणि दोघांची रजा, इतकाच काय तो फरक. डिसेंबरमध्ये जपानचा अंतराळवीर आला, ज्याची मास्तरांनी तजवीज केली नव्हती. त्यांच्या सहा विद्वानांत स्त्री एकही नव्हती. वास्तवातील स्थानकाचे नायकत्व त्या वर्षी काही काळ पेगी व्हिट्सन यांच्याकडे होते. भाजीचा मळाही होता. १९८२ साली सॅल्यूट-७ वर मोहरीच्या कुळातील एका रोपाने प्रथम बी धरले होते, आणि २०१५ साली या स्थानकावर पिकविलेली लाल सॅलडची पाने दोन अमेरिकनांनी व एका जपान्याने खाऊन पाहिली. श्वासाचा प्राणवायू मात्र अद्याप झाडांवर अवलंबून नाही, यंत्रे तो पाण्यापासून तयार करतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा हे घर दुभंगणार असे पुष्कळांस वाटले. ते दुभंगले नाही, आणि याचे श्रेय केवळ सद्भावनेला देणे भाबडेपणाचे ठरेल. स्थानक हळूहळू खाली घसरत असते. त्याला पुन्हा वर ढकलण्याचे मुख्य काम रशियन बाजूकडे, तर विजेचा मोठा पुरवठा आणि तोल सांभाळणारी चक्रे अमेरिकन बाजूकडे. एकाला दुसऱ्यावाचून फार दिवस काढता येत नाहीत. १९७५ च्या यंत्रज्ञांनी दोन्हीकडून सारखा सांधा घडविला होता. या यंत्रज्ञांनी, हेतुतः असो वा नसो, त्याहून चिवट गाठ मारून ठेवली. ३० मार्च २०२२ रोजी अमेरिकन अंतराळवीर मार्क व्हँडे हाय दोघा रशियनांसह रशियन यानातूनच कझाकस्तानात उतरले. त्याच वर्षी दोन्ही देशांनी आपल्या यानांतील आसने परस्परांना देण्याचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये आना किकिना ही रशियन स्त्री अमेरिकन यानातून वर गेली. खाली तोफा चालूच होत्या.

या घराच्या उंबऱ्याबाहेरही कोणी आहे. २०११ पासून अमेरिकेच्या एका कायद्याने तिच्या अंतराळसंस्थेला चीनशी थेट सहकार्य करण्यास बंदी घातली. चीनने २०२१ मध्ये स्वतःच्या स्थानकाचे पहिले दालन उडविले व तेथे आपली माणसे ठेवली. भारतानेही २०३५ पर्यंत आपले स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर केले. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करून महासागरात उतरविण्याची योजना आहे, आणि त्यानंतर पंधरा राष्ट्रांचे एक घर राहण्याऐवजी एकेका राष्ट्राची वा कंपनीची निरनिराळी घरे आकाशात दिसण्याचा संभव अधिक आहे. हेल यांच्या विटांच्या चंद्राला हे चालले असते. कालुग्याच्या मास्तरांना ते रुचले नसते.

२६ जून २०२५ रोजी भारतीय वायुदलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ल या स्थानकावर पोचले. भारत करारातील पंधरा राष्ट्रांपैकी नाही. एका खासगी अमेरिकन कंपनीच्या मोहिमेतील आसन भारताने घेतले होते. नायिका पेगी व्हिट्सनच होत्या आणि बरोबर पोलंड व हंगेरी यांचे वीर होते. सॅल्यूटच्या पाहुण्यांनंतर त्या दोन्ही देशांनी सुमारे साडेचार दशकांनी पुन्हा आपला माणूस धाडला होता. यांच्या येण्याने घरात अकरा माणसे झाली. अमेरिकन, रशियन, जपानी, भारतीय, पोलिश, हंगेरियन, म्हणजे पुन्हा एकदा सहा राष्ट्रे, पण नावे पुष्कळ बदललेली. नायकपद त्या वेळी जपानचे ताकुया ओनिशी यांच्याकडे होते. शुक्ल यांनी बरोबर गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. कामांच्या यादीत मूग आणि मेथीची बियाणी होती. काचेच्या बशीत त्यांना मोड आले, शुक्ल यांनी त्यांची छायाचित्रे घेतली आणि ते मोड शीतपेटीत ठेवून दिले. पृथ्वीवर परतल्यावर त्या बियांच्या पुढच्या काही पिढ्या वाढवून त्यांत काय फरक पडतो हे पाहावयाचे काम धारवाडच्या कृषिविद्यापीठातील संशोधकांकडे होते.